वाईट वाजवण्याची वर्षं

मेकॉन्स नावाच्या ब्रिटिश बँडची पहिली रेकॉर्ड 1978 ची. ती लावली की आधी वाटतं, आपल्याच स्पीकरमध्ये काहीतरी बिघाड आहे. ड्रम एका घाईत, गिटार दुसऱ्याच, आणि गाणारे शब्द गिळत नुसते ओरडतायत. सुरात येण्याची कुणाला गरजच वाटत नसावी. म्हणणं मात्र अगदी नेमकं आहे. पंक, म्हणजे 1970 च्या दशकातलं ओबडधोबड आणि बंडखोर रॉक संगीत, वाजवणाऱ्या क्लॅश या गाजलेल्या बँडने आदल्या वर्षी गोऱ्या पोरांनीही दंगलीत उतरावं अशी आरोळी ठोकली होती. इंग्लंडातल्या लीड्स शहराच्या या पोरांनी तिला उत्तर दिलं: आम्ही बुवा आजवर एकाही दंगलीत गेलेलो नाही. मर्दुमकीची ही टवाळी त्यांनी तितक्याच गबाळ्या वाजवण्यातून केली. त्यात मुद्दाम किती आणि खरोखरच येत नव्हतं म्हणून किती, हे त्या दिवशी त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं.

याच बँडचा ताजा अल्बम 2025 मध्ये आला. जॉन लँगफर्ड आणि टॉम ग्रीनहाल्श हे दोघे सुरुवातीपासूनचे अजून आहेत. सॅली टिम्सचा आवाज, सूझी हनीमनचं फिडल म्हणजे व्हायोलिन, रिको बेलचं अकॉर्डियन, स्टीव्ह गोल्डिंगचे ड्रम, लू एडमंड्सची देशोदेशीची तंतुवाद्यं, ही मंडळी 1980 च्या दशकात येऊन मिळाली ती परत गेलीच नाहीत. आता कुणी शिकागोत राहतं, कुणी इंग्लंडात. सवड काढून जमतात, स्टेजवर एकमेकांची यथेच्छ उणीदुणी काढतात आणि वाजवतात. चांगलं वाजवतात, हेही सांगायला हवं. पंक आणि कंट्री हे अमेरिकेच्या ग्रामीण भागातलं लोकप्रिय संगीत यांच्या संकरातून जे संगीत पुढे कंट्री-पंक म्हणून ओळखलं गेलं, त्याचा इतिहास लिहिणाऱ्याला मेकॉन्सला वळसा घालून जाता येत नाही. त्यांचे सगळे अल्बम उत्तम आहेत असं मी म्हणणार नाही. काही तर त्यांच्याच चाहत्यांनी प्रेमापोटी पदरात घेतलेले आहेत. पण इतकी वर्षं एकत्र राहून, एकदाही श्रीमंत न होता, एकमेकांचं तोंड पाहवेल अशा अवस्थेत राहिलेल्या बँडांची यादी करायला बसलं तर ती लवकर संपते.

अशा बँडविषयी लिहिणाऱ्यांची गाडी हमखास मैत्रीवर येऊन थांबते. केवढा जिव्हाळा, केवढी निष्ठा, आजकालच्या मुलांत हे राहिलं नाही, वगैरे. मला हे मान्य नाही. मैत्री होती याबद्दल वाद नाही, पण मैत्री सगळीकडेच असते. विशीतल्या मुलांना मित्रांची वाण कधीच नव्हती, आजही नाही. दहा वर्षं एकत्र वाईट वाजवत बसायची सोय मात्र फार थोड्यांना मिळते. मेकॉन्सना ती मिळाली आणि तिचा खर्च कुणीतरी भरला. तो कुणी भरला आणि आता कुणी भरायचा, हा माझ्या मते सार्वजनिक प्रश्न आहे. मैत्रीचे गोडवे गाऊन तो बाजूला सारता येणार नाही.

आता लीड्सची गोष्ट. 1977 साली लीड्स विद्यापीठाच्या ललित कला विभागात ही मंडळी शिकत होती. टी. जे. क्लार्क हे मार्क्सवादी कला-इतिहासकार तेव्हा तिथे प्राध्यापक होते, आणि चित्र म्हणजे काय यापेक्षा चित्र कुणाचं, कुणासाठी, असल्या चर्चा तिथे जास्त रंगायच्या. याच वर्तुळातून गँग ऑफ फोर हा बँड निघाला, डेल्टा फाइव्ह निघाला, मेकॉन्स निघाले. मेकॉन्सकडे स्वतःची वाद्यं नव्हती. ते गँग ऑफ फोरची वापरायचे. बँडचे नियम तर विचारूच नका. कुणीही स्टेजवर यावं, हाताला येईल ते वाद्य वाजवावं, कुणी स्टार व्हायचं नाही, वाजवणारा आणि ऐकणारा यांच्यात अंतर ठेवायचं नाही. बँडचं नावही डॅन डेअर या मुलांच्या चित्रकथेतल्या मोठ्या डोक्याच्या हिरव्या खलनायकावरून घेतलेलं. 1979 साली व्हर्जिन कंपनीने त्यांचा अल्बम काढला, तर मागच्या बाजूला चुकून गँग ऑफ फोरचाच फोटो छापला गेला. कुणीही यावं या तत्त्वाला कंपनीने नकळत एवढी दाद दिली.

हे सगळं मजेशीर आहे, आणि ही मजा कुणाच्या जिवावर चालली होती ते पाहण्यासारखं आहे. 1962 च्या शिक्षण कायद्यानुसार ब्रिटनमधल्या विद्यार्थ्याची पहिल्या पदवीची फी स्थानिक प्रशासन भरत असे, आणि घरच्या उत्पन्नानुसार राहण्या-जेवण्यासाठी अनुदानही मिळत असे. ते परत करायचं नसे. म्हणजे मेकॉन्समधला मुलगा पदवी घेऊन बाहेर पडला तेव्हा त्याच्या डोक्यावर फीचं कर्ज नव्हतं. बाहेर पडल्यावर नोकरी नसेल तर बेकारभत्ता होता. लीड्ससारख्या उतरणीला लागलेल्या औद्योगिक शहरात जुन्या विटांच्या घरांची भाडी कमी होती. आजारी पडलं तर सरकारी आरोग्यसेवा होती, तिथे पाकीट काढावं लागत नव्हतं. यातली एकही गोष्ट संगीतासाठी केलेली नव्हती. कुठल्याही मंत्र्याने ‘होतकरू बँड प्रोत्साहन योजना’ जाहीर केली नव्हती. माणसाला विशीत उपाशी न राहता काही वर्षं काढता यावीत एवढीच सोय होती. बँड हे त्या सोयीचं उपउत्पादन.

याहून गंमत पुढची. 1980 च्या दशकात थॅचर सरकारने बेकारांना स्वयंरोजगाराकडे वळवण्यासाठी एक भत्ता सुरू केला. आठवड्याला 40 पौंड, आणि अट एवढीच की खात्यात 1,000 पौंड दाखवता आले पाहिजेत. ओस पडलेल्या गावांत छोटे धंदे उभे राहावेत ही कल्पना होती. त्या भत्त्यावर कितीतरी गाणारे-वाजवणारे आणि चित्रकार जगले, काहींनी तर रेकॉर्ड कंपन्या काढल्या. बाईंना हे आवडलं असतं असं वाटत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. त्या काळी ब्रिटनमध्ये विद्यापीठात जाणारी मुलं होती किती? थोडीच. कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा लीड्सच्या ललित कला विभागात सहसा दिसत नसे. फुकट शिक्षणाचा लाभ मुख्यतः मध्यमवर्गाने लाटला, आणि त्यातून जन्मलेले बँड कामगारांविषयी गाणी म्हणत फिरले, असं कुणी म्हटलं तर त्याला गप्प करता येणार नाही. पण यावरून निष्कर्ष कोणता काढायचा? सोय थोड्यांनाच होती, तर ती जास्तांना द्यायला हवी होती. प्रत्यक्षात उलट झालं. विद्यापीठात जाणाऱ्यांची संख्या वाढली आणि सोय काढून घेतली. इंग्लंडमध्ये 1998 साली 1,000 पौंड फी आली, 2006 साली तिची मर्यादा 3,000 झाली, 2012 साली 9,000. आज तिथला पदवीधर कर्जाचा आकडा खिशात घेऊनच पहिली नोकरी शोधतो. त्याला मित्रांबरोबर दहा वर्षं वाईट गिटार वाजवता येत नाही म्हणून त्याच्या पिढीला आत्मकेंद्री ठरवायचं, हा निव्वळ निर्लज्जपणा आहे.

आता संगीताकडे वळू, कारण कंट्री आणि पंक ही सोयरीक नेमकी का जमली यातही याच प्रश्नाचा एक धागा आहे. पंकच्या सुरुवातीच्या दिवसांत ब्रिटनमधल्या एका घरगुती पत्रिकेत एक चित्र छापून आलं होतं. हाताने काढलेल्या गिटारच्या पट्ट्या, त्यावर बोटं कुठे ठेवायची ते दाखवणारे ठिपके: हा एक कॉर्ड, हा दुसरा, हा तिसरा, आता बँड काढा. ए, ई आणि जी हे तीन सूरसमूह, बस. तिकडे नॅशव्हिलमधला गीतकार हार्लन हॉवर्ड कंट्री संगीताची व्याख्या करताना म्हणाला होता की तीन कॉर्ड आणि सत्य, एवढं पुरतं. अटलांटिकच्या दोन बाजूंची ही दोन माणसं एकमेकांना ओळखत नव्हती, पण दोघांच्याही म्हणण्यात वाजवायला लागण्याचा उंबरठा घोट्याएवढा आहे. शास्त्रोक्त संगीतावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे जरा खटकतं. आपल्याकडे वीस वर्षं तालीम, मग मैफल. तिथे पहिल्या दिवशी मैफल आणि तालीम श्रोत्यांसमोरच. मला दोन्ही पद्धती मान्य आहेत. पण दुसऱ्या पद्धतीत कच्चेपणा झाकायला गुरूचं घर नसतं, म्हणून तो सहन करणारा समाज लागतो.

आणि मेकॉन्सचा कच्चेपणा संपला कधी? 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बँड जवळजवळ संपलाच होता. त्याला पुन्हा उभं केलं ते खाण कामगारांच्या संपाने. मार्च 1984 मध्ये दक्षिण यॉर्कशायरमधली कॉर्टनवुडची खाण बंद होणार अशी घोषणा झाली. एकूण 20 खाणी आणि 20,000 नोकऱ्या जाणार असं सरकारी कोळसा मंडळाने सांगितलं, आणि आर्थर स्कारगिलच्या नेतृत्वाखाली वर्षभर चालणारा संप सुरू झाला. जूनमध्ये ऑरग्रीव्हला पोलीस घोड्यावर बसून कामगारांवर चालून गेले. मार्च 1985 मध्ये कामगार हरून कामावर परतले. मराठी वाचकाला या काळाची ओळख करून द्यावी लागत नाही. दोनच वर्षं आधी, 18 जानेवारी 1982 रोजी, मुंबईच्या गिरण्यांतले अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या शब्दावर बाहेर पडले होते आणि तो संप आजतागायत रीतसर मागे घेतला गेलेला नाही. चिमण्या थंड झाल्यावर घरांत काय होतं, बायकांना काय काय करावं लागतं, पोरं कुठे जातात, हे लालबाग-परळने जसं पाहिलं तसंच यॉर्कशायरने आणि वेल्सने पाहिलं.

मेकॉन्स या संपासाठी मदतनिधीचे कार्यक्रम करू लागले. लीड्सच्या आसपासच खाणी होत्या, लँगफर्ड तर मूळचा वेल्समधल्या न्यूपोर्टचा. पण खाण कामगारांसमोर काय गायचं? दोन मिनिटांची टवाळी वर्षभर उपाशी असलेल्या माणसासमोर चालत नाही. याच सुमारास शिकागोतल्या टेरी नेल्सन या रेडिओवाल्याने लँगफर्डला जुन्या कंट्री गाण्यांच्या कॅसेट पाठवल्या. हँक विल्यम्स आणि त्याच्या आगेमागेचे गायक त्यात होते. हँक विल्यम्स म्हणजे अलाबामाच्या गरिबीतून आलेला, पाठीच्या दुखण्याने आणि दारूने पोखरलेला, 1953 च्या 1 जानेवारीला 29 व्या वर्षी गाडीच्या मागच्या सीटवर मरून पडलेला माणूस. त्याच्या गाण्यांत गेलेली नोकरी, सुटलेलं घर, दारू आणि पश्चात्ताप साध्या बोलीत येतात. इंग्लंडच्या कामगार क्लबांत ही गाणी आधीपासूनच लोकप्रिय होती. त्यांना तुच्छ लेखत होती ती शिकलेली शहरी मुलं. मेकॉन्सनी त्या तुच्छतेतून अंग काढून घेतलं, आणि तिथून त्यांना स्वतःचा आवाज मिळाला असं मला वाटतं.

1985 साली आलेला ‘फिअर अँड व्हिस्की’ हा त्यांचा अल्बम त्यांनी स्वतःच्याच छोट्या लेबलवर काढला. त्यात एका गाण्याच्या शीर्षकात अ‍ॅबर्नंट या वेल्समधल्या कोळसा खाणीचं नाव आहे आणि पुढे साल: 1984/85. बाकी फोड नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं. आजूबाजूच्या गाण्यांत कुठलंसं युद्ध चालू आहे, हरलेल्या बाजूचे सैनिक अंधारात दारू पीत बसलेत, नाचायला कुणीतरी जोडीदार शोधतंय. फिडल रडवेलं नाही, ते चिडलेलं आहे. ड्रम आता ठेक्यात आहेत पण वाजवणाऱ्याने बाह्या खाली केलेल्या नाहीत. शेवटी लिऑन पेनने लिहिलेलं आणि हँक विल्यम्सने गाजवलेलं ‘लॉस्ट हायवे’ हे गाणं येतं, आणि अलाबामातल्या भटक्याचं ते गाणं यॉर्कशायरच्या बेकाराच्या तोंडी अगदी फिट बसतं. मला हा अल्बम ऐकताना पहिल्या रेकॉर्डचा गबाळेपणा सुटत गेलेला ऐकू येत नाही. तोच गबाळेपणा इथे कामाला लागलाय. घोटीव वाजवणाऱ्यांनी हा अल्बम केला असता तर तो संपावरचा पर्यटकी अल्बम झाला असता.

1978 ते 1985. सात वर्षं. मधल्या काळात कुठल्याही हिशेबनीसाने हा बँड बंद करायला सांगितला असता आणि त्याचं बरोबर असतं.

इथवर मी समाजाने भरलेल्या खर्चाविषयी बोललो. बँडच्या आतला हिशेबही महत्त्वाचा आहे, आणि मैत्रीच्या भाबड्या गोष्टी त्याबद्दल गप्प असतात. गाणं कुणी लिहिलं, यावर रॉयल्टी ठरते. चौघं वीस वर्षं वाजवतात, पण लिहिणाऱ्या एकाचं घर होतं आणि बाकीच्यांची भाड्याची खोली सुटत नाही, असं झालं की बालमैत्रीही विटते. मेकॉन्सची गाणी कुणा एकाच्या नावावर नसतात, बँडच्या नावावर असतात. अमेरिकेतल्या आर.ई.एम. या बँडने सगळी गाणी चौघांच्या नावे टाकली आणि 2011 साली भांडण न करता थांबले. याउलट इलिनॉयमधल्या बेलव्हिलच्या अंकल टुपेलोचं पाहा. जेय फरार आणि जेफ ट्विडी हे शाळेपासूनचे दोस्त, कंट्री आणि पंकचं त्यांचं मिश्रण इतकं अस्सल की पुढे त्यांच्या 1990 च्या पहिल्या अल्बमच्या नावावरून एका अख्ख्या संगीतप्रवाहाला आणि एका मासिकाला नाव मिळालं. बँड 1994 साली फुटला, दोघांनी दोन बँड काढले. ही मैत्री मेकॉन्सच्या मैत्रीपेक्षाही लहान वयात जमलेली होती. दोघांत नेमकं काय बिनसलं त्यात मी शिरत नाही. जुनी मैत्री बँडला पुरत नाही, एवढंच त्यावरून दिसतं.

मोठ्या कंपनीचा पैसा मेकॉन्सच्याही दारात येऊन गेला. 1989 साली ए अँड एम या कंपनीने त्यांचा अल्बम काढला, वाहवा झाली, खप झाला नाही. पुढचा अल्बम कंपनीने अमेरिकेत काढायलाच नकार दिला. असा नकार मिळाला की बरेच बँड कोसळतात, कारण तोवर नोकऱ्या सोडलेल्या असतात आणि राहणी वाढलेली असते. मेकॉन्सची राहणी वाढायला वेळच मिळाला नव्हता. ते शिकागोच्या टच अँड गो या छोट्या कंपनीकडे गेले, जिथे करार म्हणजे हात मिळवायचा आणि नफा निम्मानिम्मा. लँगफर्ड चित्रं काढतो. डोळ्यांवर पट्टी बांधलेले, कवटीच्या सोबतीने उभे असलेले जुने कंट्री गायक हा त्याचा आवडता विषय, आणि ती चित्रं विकली जातात. हनीमन लंडनमध्ये कलादालन चालवते. एडमंड्स दुसऱ्या बँडांत वाजवतो. पोट एका कामावर आणि बँड दुसऱ्या कामावर असं असल्याने बँडला कुणाचं पोट भरण्याची सक्ती नाही. 2015 साली त्यांनी ब्रुकलिनमध्ये श्रोत्यांना भोवती बसवून, एकाच मायक्रोफोनवर, एक अख्खा अल्बम रेकॉर्ड केला. पोटासाठी वाजवणाऱ्याला असलं खूळ परवडत नाही.

अमेरिकेत हीच गोष्ट वेगळी घडते. रँक अँड फाइल हा 1981 मधला कंट्री-पंकचा अगदी सुरुवातीचा बँड. त्यात अलेहान्द्रो एस्कोव्हेदो गिटार वाजवायचा. हा माणूस पुढे टेक्ससचा मोठा गीतकार-गायक झाला. 2003 साली तो एका कार्यक्रमाच्या वेळी रक्ताची उलटी होऊन कोसळला. आजार हिपॅटायटिस सी, आरोग्यविमा नाही. मग मित्रांनी त्याची गाणी गाऊन 2004 साली दोन सीडींचा अल्बम काढला आणि त्याच्या उपचारांसाठी पैसे उभे केले. गाणारे एकाहून एक मोठे, गाणी सुंदर, तो अल्बम मी कुणालाही सुचवेन. पण लोक जेव्हा तो मैत्रीचा विजय म्हणून सांगतात तेव्हा मला राग येतो. दवाखान्याचं बिल भरणं हे मित्रांचं काम नाही. ज्याचे मित्र प्रसिद्ध गायक नाहीत त्या ड्रमरने कोसळल्यावर काय करायचं?

अपवाद दाखवले जातील. डॅलसचे ओल्ड 97’ज 1993 पासून तेच चौघे वाजवतायत, कसलंही सरकारी अनुदान न घेता. खरं आहे, आणि मला ते आवडतातही. अपवादांना मी नाकारत नाही. धोरण त्यांच्याकडे पाहून आखू नये एवढंच म्हणणं आहे.

दुसरा युक्तिवाद तंत्रज्ञानाचा. आता लॅपटॉपवर अल्बम होतो, स्टुडिओचा खर्च नाही, जगभर पोचता येतं, मग अडलंय कुठे? अडलंय ते एका खोलीत जमण्यापाशी. रेकॉर्डिंग स्वस्त झालं आणि खोली महाग झाली. लॅपटॉप एकट्याला फार सोयीचा आहे, म्हणूनच आज एकेकट्या कलाकारांची नावं ऐकू येतात. पाचजणांना आठवड्यातून तीनदा आवाज करायला जागा लागते, आणि आवाज केलेला ऐकायला पन्नास माणसांची जागा लागते. ब्रिटनमध्ये 2023 या एकाच वर्षात अशी सव्वाशे छोटी ठिकाणं बंद पडली किंवा तिथलं गाणं-वाजवणं थांबलं. दुसऱ्या देशात जाऊन वाजवायचं तर अमेरिकेने 2024 मध्ये परदेशी कलाकारांच्या व्हिसाअर्जांचं शुल्क दुपटीहून वाढवलं. निम्मे शिकागोत, निम्मे इंग्लंडात असा बँड आज नव्याने काढायचा कुणी विचार तरी करेल का?

मग सरकारने कलाकारांना अनुदान द्यावं का? इथे माझे समविचारी मित्र माझ्यावर नाराज होतील. मला अर्जाच्या अनुदानाचा फार भरवसा वाटत नाही. अर्जात प्रकल्पाचं उद्दिष्ट लिहावं लागतं, अपेक्षित परिणाम लिहावे लागतात, वेळापत्रक जोडावं लागतं. 1977 च्या मेकॉन्सनी त्या रकान्यांत काय भरलं असतं? वाद्यं येत नाहीत, सदस्य नक्की नाहीत, उद्दिष्ट प्रसिद्ध न होणे. कुठलीही समिती तो अर्ज पहिल्या फेरीत बाद करेल, आणि समितीत मी असतो तर मीही केला असता. कुणातून काय निघेल हे आधी कळत नाही, म्हणून निवड करून देण्यापेक्षा न निवडता देणं चांगलं: कमी फी, परवडणारं भाडं, फुकट औषधपाणी, मोकळी जागा. त्यातले बहुतेक जण काहीच करणार नाहीत. ते निदान जगतील तरी.

हे फक्त परदेशचं नाही. पुण्याच्या थिएटर अकॅडमीची कथा आपण नेहमी कलानिष्ठेची आणि मैत्रीची कथा म्हणून सांगतो. डिसेंबर 1972 मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं, वाद झाला, ते करणाऱ्या पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या संस्थेने प्रयोग थांबवले, तरुण मंडळी बाहेर पडली आणि 1973 मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली. पुढे ते नाटक युरोपपर्यंत गेलं. या कथेत एक तपशील हळूच मागे राहतो. सतीश आळेकर सरकारी बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या विभागात नोकरीला होते. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. दोघेही त्याच कॉलेजातून डॉक्टर झालेले, आणि तेव्हा तिथली फी आजच्या खासगी कॉलेजांच्या तुलनेत नगण्य होती. पगार, पेशा आणि पदवी यांची चिंता मिटलेली माणसं संध्याकाळी तालमीला जमत होती. त्यांची प्रतिभा आणि कष्ट यांतलं काहीही मी कमी करत नाही. पण त्याच प्रतिभेचा मुलगा आज खासगी कॉलेजची फी फेडण्यासाठी रात्रपाळी करत असेल, तर तो तालमीला येणार कधी? आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत दरवर्षी तडफदार गट दिसतात आणि शेवटचं वर्ष संपलं की विरतात. परीक्षक त्यावर हळहळतात, मुलांनी चिकाटी दाखवली पाहिजे असं भाषणात सांगतात. तालमीच्या हॉलचं तासाचं भाडं किती झालंय ते मात्र भाषणात येत नाही.

गीतलेखनाच्या पैशांची आतली वाटणी बँडने आपापसात बघावी, त्यात सरकारचं काम नाही. शिक्षण आणि दवाखाना हे मोठे लढे आहेत, ते चालू राहतील. एक गोष्ट मात्र महापालिकांना उद्यासुद्धा करता येईल. त्यांच्या शाळा संध्याकाळी सहाला कुलूपबंद होतात. आत वर्ग आहेत, पंखे आहेत, कित्येक ठिकाणी छोटा रंगमंचही आहे. ते वर्ग रात्री दहापर्यंत, नाममात्र शुल्कात, नाटकवाल्या, बँडवाल्या, शाहिरी करणाऱ्या कुठल्याही पोरांना उघडून द्यावेत. खर्च रखवालदाराच्या जादा पगाराचा आणि वीजबिलाचा. शेजारच्या सोसायटीची आवाजाबद्दल तक्रार येईल, ती ऐकून घ्यावी लागेल आणि आवाजाची वेळ ठरवावी लागेल. अर्जावर नाव, फोन नंबर आणि हवी असलेली वेळ एवढं पुरे. ‘सादरीकरणाचा विषय’ हा रकाना ठेवू नये.